साहेबाचं अक्षर

मंडळाच्या बैठकीत प्रशस्तिपत्रकाचा नमुना हातोहात फिरत माझ्यापर्यंत आला तेव्हा चहा अजून यायचा होता. शुक्रवारच्या मराठी वर्गातल्या मुलांना वर्षअखेरीस द्यायचं ते प्रशस्तिपत्रक. जाड, हस्तिदंती रंगाचा कागद, चहूबाजूंनी सोनेरी वेलबुट्टी, माथ्यावर गणपती, आणि मधोमध इंग्रजीतून, काळ्याकुट्ट, टोकदार, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या अक्षरांत ‘सर्टिफिकेट ऑफ मेरिट’. त्याच्या खाली मंडळाचं नाव देवनागरीत, संगणकावरच्या रोजच्या साध्या अक्षरात, मोठ्या घरच्या लग्नाला आलेल्या गरीब नातेवाइकासारखं अंग चोरून उभं. ज्या तरुण सभासदानं तो नमुना हौसेनं तयार केला होता त्याला मी विचारलं, “हेच अक्षर का रे?” तो म्हणाला, “काका, सर्टिफिकेट सर्टिफिकेटसारखं दिसायला नको का?”

सगळे हसले. मीही हसलो. पण त्याचा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही. घरी येताना सी रिंग रोडवरच्या प्रत्येक सिग्नलला ते सुचत गेलं, म्हणून आज पुरवणीची एवढी पानं मागून घेतली आहेत.

हे अक्षर तुम्हा सर्वांच्या ओळखीचं आहे. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. तुमच्या-माझ्या डिग्रीवर ते असण्याची शक्यता दाट आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या माथ्यावर ते आहे, कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’च्या माथ्यावर आहे. एका जमान्यातल्या आपल्या लग्नपत्रिकांवर वधू आणि वर यांच्या नावांमध्ये जे ‘वेड्स’ असे, ते हटकून याच अक्षरात असे. संगणकावर ते ‘ओल्ड इंग्लिश टेक्स्ट’ या नावानं मिळतं. त्याच्या सगळ्या कुळाला जाणकार ‘ब्लॅकलेटर’ किंवा ‘गॉथिक’ म्हणतात. आमच्या घरात मात्र त्याचं नाव होतं ‘साहेबाचं अक्षर’.

माझे वडील जुळारी होते, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, भिंतीला टेकवलेल्या देवनागरीच्या केसी, आणि इंग्रजीच्या मोजून तीन. त्यातली सगळ्यात खालची, कमी वापराची, धूळ खाणारी केस साहेबाच्या अक्षराची. चोवीस पॉइंटचा एकच संच. त्यात ‘ई’ नेहमी कमी पडायचा, त्यामुळे दोन ओळींचा मजकूर एका वेळी जुळवताच येत नसे. ते अक्षर निघायचं ते ठरावीक कामांना: हायस्कुलाचं प्रशस्तिपत्रक, डॉक्टरांचं लेटरहेड, बँकेच्या शाखेचं उद्घाटन, आणि ज्यांचा मुलगा पुण्या-मुंबईला नोकरीला आहे त्यांच्या घरची लग्नपत्रिका. मालक या अक्षराचे पैसे वेगळे लावत. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या वडिलांना इंग्रजी नीट वाचता येत नव्हतं, पण खिळा उलटा असो वा सुलटा, ते तो अंधारातही ओळखत. मी शाळेत इंग्रजी शिकायला लागल्यावर एकदा मोठ्या शहाणपणानं म्हणालो, “बाबा, हे वाचताच येत नाही.” ते म्हणाले, “हे कोण वाचतंय? हे बघायचं असतं.”

पुढे मी या विषयावरची थोडीफार पुस्तकं चाळली. त्या अक्षराचा स्वभाव इतक्या थोडक्यात सांगितलेला मला कुठे आढळला नाही. त्याचं मोठेपण त्यात आहे आणि त्याचा उपद्रवही त्यातच.

आधी मोठेपण. चपट्या, रुंद टोकाची लेखणी घ्या, ती तिरकी धरा आणि उभ्या रेघा मारत जा. जिथे गोलाई यायची तिथे वळण न घेता रेघ मोडा आणि कोन करा. जर्मन भाषेत या अक्षराच्या एका शाखेचं नावच ‘फ्राक्टुर’ आहे, म्हणजे मोडलेलं. बाराव्या-तेराव्या शतकात युरोपच्या मठांतून आणि नव्या विद्यापीठांतून पोथ्यांची मागणी वाढली तसं हे अक्षर घट्ट होत गेलं, कारण चामड्याचं पान महाग आणि कमी जागेत जास्त मजकूर बसवणं गरजेचं. उभ्या रेघांमधलं अंतर आणि रेघेची जाडी जवळजवळ सारखी ठेवली, की लांबून अख्खं पान विणलेल्या वस्त्रासारखं दिसतं. म्हणून त्याच्या सर्वात शिस्तशीर प्रकाराला ‘टेक्स्चुरा’ म्हणजे ‘विणलेलं’ असं नाव पडलं. पैठणीचा काठ हातात धरून पाहिलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

योहान गुटेनबर्गनं माइन्त्स शहरात १४५५ च्या सुमारास छापलेलं बेचाळीस ओळींचं बायबल याच टेक्स्चुरात आहे. मूळ प्रत पाहण्याचा योग मला आलेला नाही, छायाचित्रांवर समाधान मानतो. पण छायाचित्रातही ते पान थक्क करतं. लॅटिन मुळाक्षरं तेवीस-चोवीस, तरी गुटेनबर्गनं सुमारे २९० वेगवेगळे खिळे ओतले होते. जोडाक्षरं, संक्षेपाची चिन्हं, एकाच अक्षराची अरुंद आणि रुंद रूपं. कशासाठी? तर प्रत्येक ओळ उजव्या कडेला बरोबर येऊन थांबावी आणि शब्दांमध्ये कुठे भोकं पडू नयेत. काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरांच्या शेकडो खिळ्यांशी जन्मभर झुंजलेल्या मराठी जुळाऱ्याला ही हकीकत ऐकून परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखं वाटलं असतं. वडिलांना सांगायची राहून गेली.

या पानावर ते अक्षर वाचायचंच होतं, आणि ज्यांना वाचायचं होतं त्यांची नजर त्याला सरावलेली होती. जर्मन माणसाला शतकानुशतकं ते तसंच सोपं वाटे, जसा आपल्या पणजोबांना मोडीतला हिशेब. इंग्लंडमध्येही १६११ सालचं राजा जेम्सचं बायबल पहिल्यांदा छापलं ते ब्लॅकलेटरमध्येच. त्याआधीच इटलीतल्या मुद्रकांनी गोलाईचं, उजेड आत येऊ देणारं रोमन अक्षर रूढ केलं होतं. हळूहळू इंग्रजांनी वाचायला ते घेतलं आणि जुनं अक्षर मिरवायला ठेवलं. आमच्या सगळ्या गोंधळाची सुरुवात या वाटणीपासून झाली असं मला वाटतं. पानभर विणलेलं वस्त्र फाडून त्याची एक चिंधी कपाळाला बांधली.

चिंधी हा शब्द कडक झाला. पण नीट पाहा. टेक्स्चुराचं सौंदर्य काळ्या-पांढऱ्याच्या लयीत, आणि ती लय उमटायला निदान आठ-दहा ओळी लागतात. एका ओळीत उरतात फक्त टोकं. त्यात ही अक्षरं सगळी कॅपिटलमध्ये लावायची फॅशन! या घराण्यातली कॅपिटल अक्षरं ओळीच्या आरंभी एकटीनं मिरवण्यासाठी घडवलेली आहेत, भरजरी फेटा बांधलेल्या नवरदेवासारखी. अख्ख्या वरातीनं फेटे बांधले की नवरा कोण ते कळत नाही. ‘ए’ हा ‘यू’सारखा दिसतो, ‘आय’ आणि ‘जे’ जुळे भाऊ, ‘एस’ तर इंग्रजी आठाच्या आकड्याशी नातं सांगतो. दोह्यातल्या एका केशकर्तनालयाच्या काचेवर अशा सोळा कॅपिटल अक्षरांची पाटी आहे. आठ महिने तिच्यावरून जातोय, अजून दुकानाचं नाव लागलेलं नाही. आत गर्दी मात्र असते.

छोट्या अक्षरांची अडचण वेगळी. ‘आय’, ‘एम’, ‘एन’, ‘यू’ ही सगळी त्याच उभ्या रेघांची बनलेली. ‘मिनिमम’ हा शब्द या अक्षरात लिहिला की लोखंडी कुंपणाचा तुकडा होतो. मधल्या काळातल्या लेखनिकांनाही हे सतावत होतं. ‘आय’च्या डोक्यावर बारीक खूण करण्याची सवय त्यातूनच वाढली आणि पुढे तिचा टिंब झाला.

आता माझ्या घरची गोष्ट. माझ्या वडिलांचं नाव इंग्रजी ‘व्ही’नं सुरू होतं. विद्यापीठाच्या कुणा लेखनिकानं माझ्या डिग्रीवर माझं संपूर्ण नाव हातानं, दौत-टाकानं, याच साहेबाच्या अक्षरात लिहिलं होतं. काम उत्तम होतं. मी डिग्री घेऊन गावी गेलो तेव्हा वडिलांनी ती खिडकीशी नेली, चष्मा वर केला आणि बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, पोरगा इंजिनिअर झाला म्हणून भरून आलं असेल. ते म्हणाले, “जागा बघ किती सारखी सोडलीय त्यानं.”

१९९६ साली मला कतारमधली नोकरी लागली. त्या वेळी ज्यांनी ज्यांनी ही वाट चोखाळली आहे त्यांना कागद साक्षांकित करण्याचा तो सोहळा आठवत असेलच. डिग्रीच्या पाठीवर राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीचा, मग वकिलातीचा. पुढच्या बाजूला साहेबाचं अक्षर आणि मागच्या बाजूला सिंहमुद्रा आणि तलवारी अशी गर्दी. इथे आल्यावर त्याचा अरबी तरजुमा करून घ्यायचा होता. तो करणाऱ्या गृहस्थानं माझ्या वडिलांच्या नावातला ‘व्ही’ हा ‘बी’ वाचला. दोष त्याला तरी कसा द्यावा? या घराण्यात ‘व्ही’ आणि ‘बी’ यांच्यात फरक आहे तो मधल्या एका आडव्या दुमडीचा. मला अरबीचं अक्षर ओळखीचं नव्हतं. मी सही केली, शिक्का बसला, आणि या देशाच्या दफ्तरात माझ्या वडिलांचं नाव बदललं.

हे उघडकीला आलं ते चार महिन्यांनी, कुटुंबाला बोलावण्याचा अर्ज केला तेव्हा. पासपोर्टावर एक बाप आणि तरजुम्यावर दुसरा. काउंटरवरचा माणूस सभ्य होता. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट दाखवलं आणि खांदे उडवले. नवीन तरजुमा, नवीन शिक्के, प्रतिज्ञापत्र. तीन आठवडे गेले. मुंबईत पत्नीनं सामान बांधून ठेवलेलं, तिकिटं रद्द झालेली, दीड वर्षाची मुलगी सासरी की माहेरी या येरझाऱ्यांत तापानं आजारी. तेव्हा परदेशी फोनचे पैसे मिनिटावर मोजले जात. त्या महागड्या तीन मिनिटांत मी वडिलांना सांगितलं, “बाबा, तुमचं नाव चुकलंय इथं.” पलीकडून थोडं हसू आल्यासारखं झालं. “खिळा दुसऱ्या खणात पडला असेल,” ते म्हणाले, “परत काढून नीट टाकायचा.”

तेव्हापासून या अक्षराकडे मला नुसतं ‘बघता’ येत नाही.

ते आपल्याकडे आलं कसं, याचा विचार करताना मला नेहमी फोर्टातला राजाबाई टॉवर दिसतो. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याचं दीक्षान्त सभागृह आणि ग्रंथालयाचा मनोरा यांचे आराखडे केले जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, लंडनमध्ये बसून. ते मुंबईला कधी आलेच नाहीत. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, मनोऱ्याला त्यांच्या आईचं नाव लागलं आणि १८७८ साली तो पुरा झाला. मधल्या काळातला युरोप कसा दिसत असेल याचं एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांनी रंगवलेलं ते दगडी स्वप्न. ताडाच्या झाडांपलीकडे उभं राहिलं तरी देखणं आहे, आणि आता आपलंच आहे; २०१८ साली ‘युनेस्को’नं तिथल्या गॉथिक इमारतींना जागतिक वारशात घेतलं तेव्हा मलाही आनंद झाला. डिग्रीवरचं अक्षर हा त्याच गॉथिक हौसेचा कागदावरचा मनोरा. फरक एवढाच की मनोऱ्यावरच्या घड्याळात वेळ वाचता येते.

आणि हे मध्ययुगीन अक्षर खरोखर तितकं जुनं आहे का? सर्टिफिकेटांवर सर्रास दिसणाऱ्या रूपांपैकी एकाचं नाव ‘क्लॉइस्टर ब्लॅक’. क्लॉइस्टर म्हणजे मठातली ओवरी. नाव ऐकून वाटावं की कुणी संन्याशानं मेणबत्तीच्या उजेडात ते घडवलं. ते बाजारात आणलं ‘अमेरिकन टाइप फाउंडर्स’ या कंपनीनं, १९०४ साली. म्हणजे राइट बंधूंचं विमान आधी उडालं आणि मठातलं अक्षर मागाहून आलं. लंडनच्या ‘टाइम्स’नं १९३२ च्या ऑक्टोबरात आपल्या माथ्यावरचं गॉथिक काढून रोमन अक्षर लावलं. त्यामागे स्टॅन्ली मॉरिसन हा गृहस्थ होता आणि वाचण्याचा कागद वाचता यावा हा त्याचा आग्रह होता. आकाश कोसळलं नाही. साहेबानं स्वतःच्या घरातून ते उतरवलं, तरी आपण मात्र ते ‘वेड्स’साठी जपून ठेवलं!

जर्मनीची हकीकत याहून विचित्र आहे. नाझींनी सुरुवातीला या अक्षराला खास जर्मन म्हणून डोक्यावर घेतलं. मग ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमानच्या सहीनं फर्मान निघालं, की हे तथाकथित गॉथिक अक्षर ज्यूंचं आहे, सबब यापुढे रोमनच वापरावं. त्या फर्मानाचा कागद पाहण्यासारखा आहे. मजकूर टंकलिखित आणि वरचं छापील लेटरहेड मात्र गॉथिकमध्ये! ज्यूंशी त्या अक्षराचा तसा काही संबंध नव्हता. निम्मा युरोप जिंकल्यावर तिथल्या लोकांना जर्मन हुकूम वाचताच येईनात, ही खरी अडचण असल्याचं अभ्यासक सांगतात. हुकूम ज्याला पाळायचा आहे त्याला तो वाचता यावा, एवढं तरी त्या लोकांना उमगलं म्हणायचं.

न वाचता येणाऱ्या अक्षरापुढे माणूस नम्र होतो, हे मात्र खरं आहे, आणि ते काही फक्त युरोपात घडत नाही. इथल्या इस्लामिक कला संग्रहालयात (२००८ साली उघडलेलं, आय. एम. पै यांनी बांधलेलं, ज्यांनी अजून पाहिलं नसेल त्यांनी निदान पुढच्या शुक्रवारी तरी मॉलऐवजी तिथे जावं) ‘निळ्या कुराणा’चं एक पान आहे. निळीत रंगवलेलं चामडं आणि त्यावर सोन्याची कुफी अक्षरं, हजार-अकराशे वर्षांपूर्वीची. माझ्याबरोबर माझा एक सुदानी सहकारी होता. मी त्याला म्हटलं, वाचून दाखव. तो काही वेळ पाहत राहिला आणि ओशाळून म्हणाला, सरळ वाचता येत नाही. नुक्ते जवळपास नाहीतच, एखादा शब्द पाठांतरातला ओळखला की मग पुढचं सुटतं. त्याच्या चेहऱ्यावरचा आदर मात्र खरा होता. ते पान समोर धरून वाचणाऱ्याला मजकूर मुखोद्गत असे. अक्षर त्याच्या स्मरणाला फक्त टेकू देत होतं. माझ्या वडिलांचं नाव त्या तरजुमा करणाऱ्याला कुठून मुखोद्गत असणार?

एवढं झाल्यावर कुणी म्हणेल, काढून टाका ते साहेबाचं अक्षर आणि आणा आपलं मराठमोळं. बैठकीत हे म्हटलंही गेलं. कुणीतरी लगेच मोबाइलवर ‘शिवकालीन’ अक्षरांचे नमुने काढून दाखवले. ते तुम्ही पाहिले आहेत. शिवजयंतीचे फलक, ढोलपथकाचे टी-शर्ट, ऐतिहासिक चित्रपटांची शीर्षकं, गाड्यांच्या मागच्या काचा, सगळीकडे आता तेच आहे. वेलांटीची तलवार, मात्रेची भाल्याची पाती, रफाराची वाघनखं, शिरोरेघेला मुद्दाम पाडलेल्या चिरा. लांबून नजर खेचतं, हे मान्य. पण हा आपला ‘क्लॉइस्टर ब्लॅक’ आहे, आणि तो १९०४ इतकाही जुना नाही.

शिवकालातले कागद मोडीत आहेत. बोरूनं लिहिलेली, हात न उचलता एका ओघात धावणारी, गोल गोल वळणांची मोडी. तीत टोक शोधावं लागतं. आणि छत्रपतींची अष्टकोनी राजमुद्रा देवनागरीत आहे, तिचा ठसा भिंगाखाली धरून पाहा: शांत, नेटकी, एकमेकांना जागा देणारी अक्षरं. ज्याची सत्ता खरी आहे त्याला अक्षराच्या हातात तलवार द्यावी लागत नाही. मोडीचं पुढे काय झालं ते आपण जाणतो. सेरामपूरच्या विल्यम केरीनं १८१० सालचा आपला मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला होता, पण एकमेकांत गुंतलेली ती वळणं शिशात ओतणं सोपं नव्हतं. छापखान्यांनी बाळबोध धरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतूनही गेली. जर्मनांचं फ्राक्टुर आणि आपली मोडी साधारण एकाच दशकात अडगळीत पडल्या. २०१४ साली मोडीला ‘युनिकोड’मध्ये जागा मिळाली, त्याबद्दल आनंद आहे, पण प्रशस्तिपत्रकावर मोडी लिहिली तर ती मुलंच काय, त्यांचे आजोबाही ‘बघतील’ फक्त. मग आपण साहेबाला काय म्हणून नावं ठेवायची?

देवनागरीत डौल आणायला तलवारी लागत नाहीत, हे दाखवणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली आहेत. मराठी नाटकांची शीर्षकं वर्षानुवर्षं हातानं रेखाटणारे कमल शेडगे २०२० साली गेले. र. कृ. जोशींचं ‘मंगल’ हे अक्षर तर संगणकावर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांखालून गेलं आहे, नाव माहीत नसताना. आमच्या नमुन्यात मंडळाचं नाव ज्या ‘रोजच्या साध्या’ अक्षरात होतं असं मी वर म्हटलं, ते हेच. बिचारं म्हणालो ती चूक माझी. ते पडद्यावर वाचण्यासाठी केलेलं अक्षर आहे आणि तिथे चोख काम करतं. त्याला सोनेरी वेलबुट्टीत उभं करणारे आपण. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिची वळणं देवनागरीत आणली, ती वाचताही येतात आणि बघवतातही.

लेखणीचीही एक गंमत आहे. साहेबाच्या अक्षराची लेखणी आणि आपला बोरू दोन्ही रुंद टोकाचे, पण त्यांचा तिरकस काप एकमेकांच्या उलट. लॅटिनात वरून डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड पडते, देवनागरीत वरून उजवीकडून डावीकडे उतरणारी. त्यामुळे इंग्रजी सुलेखनाची निब घेऊन आपण ‘श्री’ लिहायला गेलो की काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं आणि काय ते कळत नाही. प्रशस्तिपत्रकावर ओल्ड इंग्लिशच्या शेजारी देवनागरी अवघडून का उभी राहते, याचं एक कारण हेही असावं.

बैठकीत मी दोनच मागण्या केल्या. मुलाचं, त्याच्या वडिलांचं, आईचं नाव असेल ते देवनागरीत हातानं लिहायचं आणि खाली साध्या, सरळ रोमन अक्षरात पुन्हा, पासपोर्टावर आहे तस्सं. बाकी कागदाचं काय करायचं ते बहुमतानं ठरवा. बहुमतानं सोनेरी वेलबुट्टी राहिली. ‘सर्टिफिकेट ऑफ मेरिट’ही राहिलं, साहेबाच्या अक्षरातच, पण कॅपिटलं उतरवून आणि आकार निम्मा करून. त्या तरुण सभासदाचा मान राहिला आणि खरं सांगायचं तर माझ्यातल्या जुळाऱ्याच्या पोरालाही थोडं बरं वाटलं. खालच्या केसीतलं ते अक्षर धुळीतून वर काढताना वडील त्यावर हलकी फुंकर मारत, ती आठवली.

नावं लिहिण्याचं काम दोन वहिनींनी आणि माझ्या मुलीनं घेतलं आहे. तापानं आजारी पडलेली ती मुलगी आता इथे एका ऑफिसात नोकरी करते. प्रश्न उरला लेखणीचा. परवा संध्याकाळी सूक वाकिफच्या बाजूला एका लहानशा दुकानात अरबी सुलेखनाचं सामान दिसलं. म्हाताऱ्या दुकानदाराला काय हवं ते इंग्रजीतून सांगायचा प्रयत्न करत होतो, हातानं लिहिण्याची खूण करत होतो. त्यानं काउंटरखालून बोरूंची जुडी काढून समोर ठेवली आणि विचारलं, “कलम?”

“कलम,” मी म्हटलं.

सहा घेतले. घरी येऊन चाकूनं त्यांची टोकं आपल्याला हवी तशी तासली, जुन्या वर्तमानपत्रावर दोन रेघा ओढून पाहिल्या. तिसरा जरा फाटला. चौथ्यानं मुलीनं सगळ्यात आधी आजोबांचं नाव लिहिलं. ‘व’चं पोट थोडं जास्त फुगलंय, पण तो ‘व’च आहे.